साधा दाणा

डायक्युमिल पेरॉक्साइड तापून फुटलं की मागे ॲसिटोफिनोन उरतं. त्याचा वास गोडसर. पहिल्यांदा घेणाऱ्याला फुलाबिलाचा वाटतो, पाळी संपेपर्यंत डोकं जड करतो आणि कपड्यांत एकदा मुरला की दोन धुण्यांत निघत नाही. वाळूजहून सुट्टीला उमापूरला गेलो की आजी मला बघायच्या आधी वासावरून ओळखायची. घरात बाकीच्यांना तो नकोसा व्हायचा. मला कधी झाला नाही, कारण तो वास म्हणजे आमची भाकरी होती.

ज्या माणसांनी मला त्या वासापर्यंत पोचवलं आणि तिथं टिकवलं, त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवसांचं मनात आहे. तिघं आहेत: उमापुरात मोटारी भरणारे चाचा, वाळूजच्या कारखान्यातले मामा आणि तिथल्याच प्रयोगशाळेतल्या ताई. चाचा आणि मामा आता नाहीत. ताई आहेत, त्यांचं नाव घालायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून मी कुणाचंच नाव घालत नाही.

उमापूर गेवराई तालुक्यात, शेवगावच्या अंगाला. कापूस, तूर, बाजरी, आणि पाणी असेल त्याच्याकडं ऊस नाहीतर मोसंबी. दिवाळी झाली की आमच्याकडचे कोयते ऊसतोडीला निघतात. माझे आईवडीलही मुकादमाची उचल घेऊन ट्रकमध्ये बसायचे आणि पाडव्याच्या आसपास परत यायचे. मी आजीजवळ राहायचो. उचल कधी पुरती फिटली असं आठवत नाही; थोडी राहायचीच, ती पुढच्या हंगामावर चढायची. त्यामुळे आपण कुणाचं किती लागतो, हे आमच्या घरात शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ असायचं. मी ज्या तिघांचं देणं लागतो त्यांनी मात्र ते कुठंच मांडून ठेवलं नाही.

चाचांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. दारात गंजलेले पंप, आत तारेची रिळं आणि एक बाकडं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. बोअरची मोटार खोलताना ते मला टॉर्च धरायला लावायचे. या मोटारीच्या पोटात पाणी भरलेलं असतं, वायंडिंग त्या पाण्यातच राहतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना. तारेत करंट आणि बाहेर पाणी, मध्ये काय तर पातळसं प्लास्टिक. रात्री शेतीची लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, व्होल्टेज पडायचं, मोटार जास्त अँपिअर ओढायची, तापायची, आणि सकाळी कुणीतरी तोंड पाडून मोटार गाडीत घालून चाचांकडं आणायचा.

एकदा त्यांनी जळालेल्या वायंडिंगमधली वीतभर तार कापून माझ्या हातात दिली. "नख फिरव बेटा, कुठं मऊ लागतंय ते सांग." तारेवरचं आवरण एका जागी वितळून सरकलं होतं, तिथं आतलं तांबं उघडं पडलं होतं. तांबं अगदी नवंकोरं. चाचा म्हणाले, "मालक म्हणतो मोटार जळाली. तांबं कुठं जळालंय? वरचं प्लास्टिक उष्णतेला टिकलं नाही." ते टिकावं म्हणून काय करतात, असं मी विचारलं. चाचांनी हातातलं काम थांबवलं आणि सरळ सांगितलं, "ते मला नाही ठाऊक. ते शहरात बनवतात. तू जाऊन बघ." मोठ्या माणसानं पोरासमोर मला ठाऊक नाही म्हणणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दहावीनंतर घरात मला अर्धा कोयता म्हणून नेण्याचं चाललं होतं, तेव्हा चाचांनी वडिलांना दुकानात बोलावून चहा पाजला. काय बोलले मला माहीत नाही. त्यानंतर मी बीडच्या आयटीआयला फिटर ट्रेडला गेलो. फॉर्मचे आणि खोलीच्या डिपॉझिटचे पैसे चाचांनी दिले. त्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या दुकानावर नवा पत्रा टाकायचा होता, तो पडला नाही.

गेवराईहून शहागड, पाचोड, आडूळ करत एसटी तेव्हाच्या औरंगाबादला पोचायची. वाळूजला बजाजनगरमध्ये आम्ही पोरं खोली करून राहायचो. केबलवाल्यांना इन्सुलेशनचा माल पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी कंत्राटदाराकडून हेल्पर म्हणून लागलो. काम म्हणजे पॉलिथिनच्या गोण्या फोडायच्या आणि दाणा हॉपरमध्ये ओतायचा. समोर लांबलचक एक्सट्रूडर. त्याच्या बॅरलमध्ये दोन स्क्रू एकाच दिशेनं फिरतात, दाणा वितळवतात, मळतात, पुढं ढकलतात. टोकाच्या डायमधून शेवयांसारख्या लांब दोऱ्या निघतात, पाण्याच्या टाकीतून जातात आणि कटर त्यांचा पुन्हा दाणा करतो. आत गेला तो दाणा, बाहेर आला तोही दाणा. दिसायला तसाच. मग एवढी वीज जाळून केलं काय, हा प्रश्न मला पहिल्याच पाळीला पडला आणि मी तो लाइनवरच्या ऑपरेटरला विचारला. ते मामा.

मामा मूळचे रायगडचे. नागोठण्याला आयपीसीएलचा गॅस क्रॅकर उभा राहिला तेव्हा ते ऐन विशीत होते आणि त्यांनी आयुष्यातली पहिली मजुरी पॉलिथिनच्या गोण्या उचलण्याची केली होती. मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे छोटे कारखाने, आणि मग वाळूज. शिक्षण फार नव्हतं. पण पॉलिथिनला ते ओळखत होते. त्यांनी मला उत्तर दिलं नाही. दोन ग्लोव्ह्ज दिले आणि डायपाशी उभं केलं.

लाइनवर त्या वेळी साधं पॉलिथिन, एलएलडीपीई, चाललं होतं. मामांनी पकडीनं वितळलेल्या दोरीचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला लावलं आणि सावकाश मागं सरकायला सांगितलं. दोरी पातळ झाली, मधोमध लोंबली आणि तुटून खाली पडली. मग त्यांनी पेरॉक्साइड लावलेला दाणा सोडला. लाइन स्थिर होईपर्यंत थांबलो. पुन्हा दोरी धरली. या खेपेला ती हाताला ओढ देत होती. मी मागं सरकलो तशी ती ताणली गेली, पण लोंबली नाही. सोडल्यावर किंचित आखडून परत आली. दोन्हींच्या रंगात, चकाकीत काडीचा फरक नव्हता. मामा म्हणाले, "शंभर किलोला पन्नास ग्रॅम. एवढ्यानं हे झालं. आता वर जाऊन ताईंना विचार का झालं."

असं ते नेहमी करायचे. त्यांना जे हातानं माहीत होतं ते हातानं द्यायचे आणि उरलेल्यासाठी दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचे.

ताई विद्यापीठातून रसायनशास्त्रात बीएस्सी झालेल्या. प्रयोगशाळेत त्या एकट्याच. हेल्पर पोरगं वर येऊन प्रश्न विचारतंय म्हटल्यावर हाकलून देता आलं असतं. त्यांनी स्टुलाकडं बोट दाखवलं आणि विचारलं, "घरी बाज आहे का तुमच्या?" मी हो म्हटलं. "विणलेली सुतळी सोडून तिचा नुसता ढीग केला तर एकेक दोरा ओढून काढता येतो ना? पण मध्ये मध्ये गाठी मारल्या तर?" तर सगळा ढीगच उचलून येईल. "पॉलिथिन म्हणजे तो ढीग. पेरॉक्साइड गाठी मारतं."

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पॉलिथिनची साखळी म्हणजे कार्बनला कार्बन, प्रत्येकाला दोन हायड्रोजन, हजारो वेळा तेच. तिला कशाशी काही देणंघेणं नसतं, म्हणून तर ते प्लास्टिक इतकं टिकतं. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात आणि ती पकड कच्ची असते. तापलं की ती सुटते, दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला काहीतरी हवं असतं. तो जवळच्या साखळीतला एक हायड्रोजन उचलतो. आता ती साखळी अपुरी. अशा दोन अपुऱ्या साखळ्या शेजारी आल्या की एकमेकींना जोडल्या जातात. पेरॉक्साइड फार थोडं असेल तर अधूनमधून फांदी फुटल्यासारखं होतं. दाणा वितळतो, वाहतो, पण ओढ धरतो. बरंच घातलं, दोन टक्क्यांच्या आसपास, तर सगळं एक जाळं होतं आणि मग ते पुन्हा कधीच वितळत नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गिल्बर्ट आणि प्रेकोपिओ यांनी १९५५ च्या सुमाराला असं जाळं झालेलं पॉलिथिन केबलसाठी केलं. पीव्हीसीचं आवरण असलेली केबल ७० अंशांपर्यंत चालवतात, या जाळीदार पॉलिथिनची ९० पर्यंत. हे ऐकताना मला चाचांचं दुकान आठवत होतं.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी आजही नव्या पोरांना सांगतो. हेच पेरॉक्साइड पॉलिप्रोपिलीनमध्ये घातलं तर उलटं घडतं. तिथं साखळीतल्या दर दुसऱ्या कार्बनला एक मिथाइल लटकलेलं असतं. हायड्रोजन नेमका त्याच कार्बनवरून जातो, आणि तशी अपुरी झालेली साखळी दुसरीला जोडण्याआधी स्वतःच तुटते. माल पाण्यासारखा पातळ होतो. काही कामांना तो तसा लागतोही, मुद्दाम करतात. पण एकाच औषधानं एक बांधलं जातं आणि दुसरं तुटतं, तेव्हा गोणीत काय आहे हे बघितल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही. ताईंनी तेव्हा गोणीवरचा ग्रेड नंबर वाचायला शिकवलं, मेल्ट फ्लो बघायला शिकवलं: १९० अंश, २.१६ किलोचं वजन, १० मिनिटांत बारीक भोकातून किती ग्रॅम माल उतरतो ते मोजायचं. पेरॉक्साइडनंतर पॉलिथिनचा आकडा खाली यायला हवा. वर गेला तर समजायचं, गोणीत पॉलिथिन नव्हतं.

पॉलिथिन जन्मालाच मुळात ऑक्सिजनमुळे आलं, हेही ताईंकडूनच कळलं. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये विनिंग्टनला आयसीआयच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट प्रचंड दाबाखाली इथिलीनवर दुसराच प्रयोग करत होते, आणि भांड्यात मेणासारखं पांढरं काहीतरी मिळालं. पुन्हा करायला गेले तर कधी व्हायचं, कधी नाही. १९३५ साली ते भरवशानं करता आलं, आणि मग उलगडा झाला की वायूत चुकून शिरलेल्या किंचित ऑक्सिजननं ती साखळी सुरू केली होती. नागोठण्याच्या गोण्या उचलणाऱ्या मामांना ही गोष्ट फार आवडायची. ते ती प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे.

ताईंनी का सांगितलं ते मामांनी मला कसं करायचं यात बसवून दिलं. पेरॉक्साइडला घाई असते. १७५ अंशांच्या आसपास एका मिनिटात डायक्युमिल निम्मं संपतं, आणखी एका मिनिटात उरलेल्यातलं निम्मं. २०० ला गेलं की हे सगळं काही सेकंदांत. दाणा बॅरलमध्ये असतो मिनिट-दीड मिनिट. पहिल्या झोनमध्येच उष्णता जास्त दिली तर नीट मिसळायच्या आधीच ते फुटतं, एकाच जागी सगळ्या गाठी पडतात, आणि मालात डोळ्यांसारखे कडक ठिपके येतात. शेवटी उष्णता कमी पडली तर न फुटलेलं पेरॉक्साइड मालाबरोबर गिऱ्हाइकाकडं जातं. मामा म्हणायचे, "आधी मिसळू दे, मग फुटू दे." पॅनेलवर झोनचे आकडे त्या हिशोबानं चढते ठेवलेले असायचे. त्यांची नजर मात्र मेल्ट प्रेशरवर आणि मोटारच्या अँपिअरवर. अँपिअर हळूहळू चढायला लागले की ते जागचे उठायचे, कारण जाळं गरजेपेक्षा जास्त विणलं जातंय याची पहिली खबर तिथं मिळते.

डायक्युमिलचे पांढरे स्फटिक चाळिशीच्या आसपास वितळतात. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये शेडमध्ये ठेवलेला डबा पाझरायला लागतो. मामांनी व्यवस्थापनाकडं धरणं धरल्यासारखं करून त्यासाठी वेगळी थंड खोली करवून घेतली होती. पाळीला लागेल तेवढंच वजन करून काढायचं. काढलेलं उरलं तरी परत डब्यात घालायचं नाही, कारण त्याबरोबर गंजाचा कण गेला तरी आख्खा डबा बिघडू शकतो. खरवडायला लोखंडी काही वापरायचं नाही. हे नियम भिंतीवर इंग्रजीत लावलेले होतेच. मामांनी ते मराठीत लिहून घेतले, आणि लिहायला मला लावले, म्हणजे माझे पाठ होतील.

मामांचा स्वतःचा नियम मात्र भिंतीवर नव्हता. हॉपरशेजारी साध्या पॉलिथिनची एक गोणी कायम तोंड उघडून उभी ठेवायची. काहीही न मिसळलेला, साधा दाणा. त्या काळात भारनियमन होतं आणि लाइट सांगून जात नसे. पेरॉक्साइड घातलेला माल बॅरलमध्ये असताना स्क्रू थांबले तर तो आतल्या आत गाठी मारत बसतो. वेळ गेला की दगड होतो. मग स्क्रू उपसून काढायचे, जाळून-खरवडून साफ करायचे, दोन दिवस लाइन बंद. म्हणून लाइट आली रे आली की पॅनेलकडं धावायचं नाही, आधी औषधाचा माल बंद करायचा आणि साधा दाणा सोडायचा. तो आतला अर्धवट झालेला माल ढकलत बाहेर काढतो.

एका रात्री लाइट गेली आणि जनरेटरही धरेना. अंधारात मामांनी मला हॉपरपाशी उभं केलं आणि स्वतः टॉर्च घेऊन डायच्या अलीकडची जाळी खोलायला लागले. आतला दाब अडकला असेल तर तापलेला माल अंगावर येतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी मला मागं ठेवलं. ते बाजूला उभं राहून, तोंड वळवून, एकेक बोल्ट सैल करत होते. लाइट आल्यावर मी साधा दाणा सोडला, त्यांनी स्क्रू अगदी कमी वेगानं फिरवला. डायमधून आधी खडबडीत, फुगलेला, पिवळट माल आला, मग गुळगुळीत, मग पारदर्शक. मामांनी तो बोटभर तुकडा उजेडात धरून बघितला, मला दाखवला आणि खाली बसले. त्या रात्रीपर्यंत मी हेल्पर होतो. दुसऱ्या दिवशी मामांनी ऑफिसात जाऊन सांगितलं की या पोराला ऑपरेटर करा, नाहीतर हा ऊसतोडीला जाईल आणि तुमचं नुकसान होईल. त्या हंगामात मुकादम आमच्या घरी येऊन बसत होता, मी खरंच जाण्याच्या बेतात होतो. मामांना ते कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. मला पगारवाढ झाली, आणि पुढच्या दिवाळीत आईवडील ट्रकमध्ये बसले नाहीत. आमच्या घरात कोयता तिथं सुटला.

यानंतर कारखान्यात सिलेन नावाच्या रसायनानं गाठी मारायचं काम वाढलं. ही पद्धत डाऊ कॉर्निंगच्या स्कॉट यांची. १९७२ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. यात पेरॉक्साइड अगदी थोडं असतं, गाठी मारण्यापुरतं नाही. ते साखळीवर नुसती जागा करून देतं आणि त्या जागी सिलेन जाऊन बसतं. हा माल केबलवर पीव्हीसीसारखाच सहज चढतो. गाठी पडतात त्या नंतर, पाण्यानं. तयार केबलची रिळं ८०-९० अंशांच्या गरम पाण्यात ठेवायची, पाणी आत झिरपतं, सिलेनला सिलेन जोडलं जातं आणि मग आवरण वितळेनासं होतं. उलट, दाणा गोणीत असताना त्याला ओल लागता कामा नये, म्हणून तो चंदेरी फॉइलच्या बंद पिशवीत जातो. पावसाळ्यात फुटलेली पिशवी कुणी तशीच ठेवली की मामा संतापायचे.

दुष्काळी भागातून आलेल्या पोराला पाण्यानं पिकणारं प्लास्टिक बघून काय वाटलं असेल! जुलैत केबल नुसती शेडमध्ये ठेवली तरी हवेतल्या ओलीनं काही दिवसांत पिकते. मे महिन्यात हवेत ओलच नसते, टाकीशिवाय गत्यंतर नाही. वाळूजचं पाणी जायकवाडीचं, आणि आमच्या गेवराई तालुक्यातून जाणारा उजवा कालवाही जायकवाडीचाच. २०१३ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं होतं. उमापुरात आजी टँकरच्या रांगेत घागर ठेवून बसायची आणि इथं आमच्या चाचणीच्या टाकीतून दिवसभर वाफ उठत होती. मी ते जेवताना बोलून गेलो. मामा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी भंगारातला पत्रा आणि जुनं इन्सुलेशन घेऊन टाकीला झाकण केलं, निचऱ्याचं पाणी गाळून परत टाकीत घ्यायची नळी जोडली. कुणी सांगितलं नव्हतं, ओव्हरटाइमही मिळाला नाही. टाकीत वरून पाणी घालायची वेळ पुष्कळ कमी झाली. आजीची रांग त्यानं कमी झाली नाही, हे मामांनाही कळत होतं. तरी त्यांनी केलं, आणि मला ते आजवर मिळालेल्या कुठल्याही मदतीपेक्षा मोठं वाटतं.

माल पिकला की नाही हे ताई ठरवायच्या. पट्टीचा तुकडा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये टांगायचा, खाली ठरलेलं वजन लावायचं, १५ मिनिटं थांबायचं. साधं पॉलिथिन त्या उष्णतेत गळून खाली पडतं. पिकलेलं ताणतं आणि थांबतं. मूळ लांबीवर १७५ टक्क्यांपेक्षा जास्त ताणलं तर माल नापास; वजन काढून गार केल्यावर १५ टक्क्यांपेक्षा जास्त लांबी उरली तरी नापास. ओव्हनच्या काचेतून त्या पट्टीवरच्या दोन खुणा एकमेकींपासून लांब जाताना आम्ही बघत बसायचो. गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी असो, वरून फोन येवो, ताईंनी १५ मिनिटांची कधी १४ होऊ दिली नाहीत. एकदा थोडक्यासाठी नापास झालेली खेप त्यांनी अडवली, तेव्हा त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "ही तार कुणाच्या तरी घरावरून जाणार आहे." त्याच वर्षांत गावाकडं उघड्या तारांच्या जागी काळ्या, पीळ दिलेल्या केबली यायला लागल्या, याच जाळीदार पॉलिथिनच्या. वाऱ्यात तारेला तार लागून ठिणग्या पडण्याचं भय त्यांनी गेलं. चाचा तेव्हा थकले होते. मी त्यांना ओट्यावर बसवून खांबाकडं बोट दाखवलं आणि हे प्लास्टिक उष्णतेला का टिकतं ते सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये मध्ये थांबवून प्रश्न विचारले. पाण्यानं गाठी पडतात यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. "पाण्यानंच मोटारी जातात आमच्या," म्हणाले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मामा निवृत्त होऊन रायगडला गेले तरी फोनवर लाइनची चौकशी करायचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्या दिवसांत जाता आलं नाही.

आता मी ज्या कामात आहे ते त्यांना सांगायचं राहिलं. आमच्या भागात ठिबक आलं त्याला बरीच वर्षं झाली. मोसंबीत, कापसात, उसात टाकलेल्या काळ्या लॅटरल नळ्या उंदीर-खारी कुरतडतात, क्षारानं तोंडं बंद होतात, आणि बांधावर त्यांची भेंडोळी पडून राहतात. कुणी जाळतो, कुणी भंगारवाल्याला किलोवर देतो. ते पॉलिथिन उन्हात राहून दमलेलं असतं; वितळवून पाइप ओढायला गेलं तर लोंबतं. त्याला थोडं पेरॉक्साइड देऊन पुन्हा ओढ धरायला लावता येतं. त्यातून परत ठिबकची नळी करायची नाही, तिला नवाच माल हवा. पण वायरिंगचा पाइप, झाडाभोवतीची जाळी एवढं नक्की होतं. एका ओळखीच्या रिसायकलवाल्याच्या लाइनवर सुट्टीच्या दिवशी आम्ही हे करून बघतोय, आणि ताई मेल्ट फ्लो काढून देतात.

अडचण निवडण्याची आहे. लॅटरलबरोबर जॉइनर, एंड कॅप येतात, ते बहुतेक पॉलिप्रोपिलीनचे. खताच्या गोण्यांचे धागे, सुतळी, तीही पॉलिप्रोपिलीनची. पाण्यात टाकून वेगळं करावं तर दोन्ही पाण्याहून हलकी, दोन्ही तरंगतात. बुडतं ते फक्त पीव्हीसी. आणि एकत्र राहिली तर पेरॉक्साइड एकाला बांधतं आणि दुसऱ्याला तोडतं. म्हणून उमापुरात आमच्या भावजयीनं आणि तिच्या शेजारणींनी हे काम अंगावर घेतलंय. त्या प्रत्येक तुकड्यावर नख ओढतात. लॅटरलवर ओरखडा उमटतो, जॉइनरवर नीट उमटत नाही. मी त्यांना मेल्ट फ्लोविषयी सांगितलं तेव्हा भावजय म्हणाली, "तुमचं मशीन नंतर सांगतंय भाऊजी, आम्ही आधी सांगतोय." त्यांच्या हाताखालून गेलेल्या मालाचा आकडा आजवर वर गेलेला नाही.

पेरॉक्साइडचं प्रमाण मात्र अजून बसलेलं नाही. लॅटरलमधली काजळी आणि जुनं स्टॅबिलायझर त्यातलं काही खाऊन टाकतात, आणि किती खातात ते प्रत्येक शेतातल्या नळीचं वेगळं निघतं. पुढची खेप दसऱ्याच्या आत लावायची आहे. निवडणाऱ्या बायकांतल्या निम्म्या जणींनी यंदाही उचल घेतलेली आहे. दिवाळी झाली की त्या गावात नसतील.